साउंडप्रूफ तळघरात छतातले लाईट : भोक पाडण्याआधी वाचा

नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका बंगल्याच्या तळघरात मी साउंडप्रूफ छत केलं होतं. घरमालक तिथे तबल्याचे वर्ग घेतात. बारा बाय पंधराची खोली, जिप्समचे दोन थर, वर रॉकवूल म्हणजे दगडी तंतूंची गादी, सगळं रबरी हँगरवर लटकवलेलं. छत बंद झालं त्या संध्याकाळी खाली मुलं वाजवत होती आणि वरच्या खोलीत आजी शांत झोपल्या होत्या. आठ दिवसांनी लाईट बसवले. बोर्डात आठ गोल भोकं पाडली, लाईट दाबून बसवले, खोली झगझगीत झाली. त्याच रात्री आजी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. “अरे बापा, तबला माझ्या उशीखाली वाजून राहिला का?”

चूक माझी होती. छत झाल्यावर लाईटचा विचार केला, तो छताच्या आधी करायला हवा होता. तेव्हापासून असं काम घेतो तेव्हा पहिला प्रश्न लाईटचाच विचारतो. नागपुरात आता तळघरात रियाजाची खोली, होम थिएटर, रेकॉर्डिंगची जागा करणारे बरेच जण भेटतात. पहिल्यांदाच हे काम करून घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

भोक केवढं आणि आवाज केवढा

छोट्या भोकातून छोटासाच आवाज जाईल, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. हिशेब करून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाची आठ भोकं मिळून सुमारे ०.०६३ चौरस मीटर होतात. बारा बाय पंधरा फुटांचं छत साधारण १६.७ चौरस मीटर. म्हणजे भोकांचा वाटा ०.४ टक्क्यांहूनही कमी. पण एवढ्या उघड्या जागेतून आवाज थेट पार होतो आणि त्या छताची अडवण्याची क्षमता २४ डेसिबलच्या आसपास अडकते. बोर्डाचा पडदा एकटा ३५ डेसिबल अडवणारा असो की ५०, भोकं उघडी असतील तर आकडा २४ च्याच जवळ राहतो. आणखी एक थर बोर्ड चढवून काहीच हाती लागत नाही. १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो.

लाईट बसल्यावर भोक पूर्ण उघडं राहत नाही, हे खरं. पण लाईटची पातळ चकती आणि तिच्या कडेची फट यांना दोन थर जिप्समचं वजन नसतं, आणि आवाज अडतो तो वजनाने आणि हवाबंदपणाने. आपल्याकडे वर सिमेंटचा स्लॅब असतो, तो बोलण्याचा आवाज बराच अडवतो. तरी डग्ग्याचा घुमारा, सबवूफरचा दणका त्यातूनही वर चढतो. त्यासाठीच तर लोक खालून दुसरं छत करतात. त्याच छताला भोकं पाडली की केलेला खर्च वाया.

म्हणून या कामाचा नियम एकच: प्रत्येक लाईटच्या मागे बोर्डाइतकीच जड, बंद पेटी हवी, आणि ती छत बंद होण्याआधी बसलेली हवी. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी तळघर पाहा

पहिली गोष्ट ओल. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तळघराच्या भिंतींवर तिचा ताण येतो. भिंतीला लोणा लागला असेल, स्लॅबच्या खालच्या बाजूला पिवळट डाग असतील, किंवा वर न्हाणीघर असेल, तर एक पावसाळा थांबा. गळती दुरुस्त करा, स्लॅब सुकू द्या. ओल्या स्लॅबखाली रॉकवूल कोंबून छत बंद केलं तर पाणी कुठे साचतंय ते दिसतही नाही आणि वायरिंग मात्र त्याच ओलीत राहतं. ओलीची थोडीही शंका असेल तर ओल सहन करणारा हिरव्या रंगाचा जिप्सम बोर्ड घ्या.

दुसरी गोष्ट पुराचं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. कित्येकांची तळघरं भरली. तळघराचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे वीज बंद-चालू करायची पेटी, तळघरात ठेवूच नका. तो तळमजल्यावर, जिन्याच्या वरच्या टोकाला घ्या, म्हणजे खाली पाणी असलं तरी न उतरता वीज बंद करता येईल. आत फक्त स्विच ठेवा, तेही छातीच्या उंचीच्या वर.

तिसरी गोष्ट उंची. स्लॅबपासून बोर्डाच्या खालच्या पातळीपर्यंत किमान आठ इंच जागा मिळाली तर पेटीचं काम नीट होतं. तेवढी नसेल तर त्याचा उपाय शेवटी सांगितला आहे.

लाईट कमी करा

दुकानात गेलात की “इतक्या खोलीला बारा तरी लागतील भाऊ” असं ऐकायला मिळेल. मोजून ठरवा. बसायच्या खोलीला १५० लक्स उजेड पुरेसा होतो, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ल्युमेन (ल्युमेन हे दिव्याच्या उजेडाचं माप). १६.७ चौरस मीटरला १५० ने गुणलं की सुमारे २५०० ल्युमेन. भिंती, छत, फर्निचर यांत बराच उजेड जिरतो, म्हणून ४२०० च्या आसपास धरा. ७ वॅटचा चांगला एलईडी लाईट ६५० ते ७०० ल्युमेन देतो. म्हणजे सहा-सात लाईट झाले. त्यातले दोन छतातून काढून भिंतीवर घ्या, कोपऱ्यात एक उभा दिवा ठेवा, आणि छतात चारच भोकं राहतात. भिंतीवरच्या दिव्याने तबल्यावर, पुस्तकावर सावलीही कमी पडते. मी तर म्हणतो, होम थिएटर असेल तर छतात चारपेक्षा जास्त लाईट घेऊच नका.

जागा ठरवताना भिंतीपासून दोन ते अडीच फूट आत या. मग जमिनीवर खडूने खुणा करा, त्या ओळंब्याने किंवा लेझरने स्लॅबवर चढवा, आणि बोर्ड धरणाऱ्या छताच्या धातूच्या पट्ट्या कुठून जाणार तेही स्लॅबवरच आखा. लाईट पट्टीवर आला तर खूण तेव्हाच सरकवा. बोर्ड लागल्यावर सरकवता येत नाही.

लाईट आधी विकत घ्या, मग छत

हे उलटं वाटतं, पण पेटीचं माप लाईटवर ठरतं. सीताबर्डीच्या दुकानात गेलात तर खोक्यावर कटआउट, म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये किती लिहिलाय ते पाहा. “चार इंची” म्हणून विकले जाणारे लाईट प्रत्येक कंपनीत वेगळ्या भोकाचे असतात. मग ही तपासणी करा:

– मागची खोली किती? कमी खोलीचा लाईट घ्या.
– स्प्रिंगचे चिमटे २५ मिलिमीटर जाडी पकडतात का? हे दुकानातच दोन बोर्डांचे तुकडे लावून बघा. बरेच चिमटे एका बोर्डासाठी बनवलेले असतात. दोन थरांवर ते नीट उघडत नाहीत, लाईट ढिला राहतो आणि बासवर खुळखुळतो.
– ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज देणारी डबी, वेगळा आहे का? वेगळाच घ्या, म्हणजे बिघडला तर पूर्ण लाईट फेकावा लागत नाही.
– लाईट पेटवून कानाजवळ धरा. दुकानाच्या गोंगाटात ऐकू न येणारी घूं-घूं साउंडप्रूफ खोलीत स्पष्ट ऐकू येते.

डिमर (उजेड कमी-जास्त करणारा स्विच) हवा असेल तर डिमरसाठीच बनवलेला ड्रायव्हर घ्या. साध्या एलईडीवर जुना फॅन रेग्युलेटरसारखा डिमर लावला की लाईट लुकलुकतो आणि गुणगुणतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत माइक ते उचलतो.

जुने ५० वॅटचे हॅलोजन घरात पडलेले असतील तर ते इथे वापरू नका. बंद पेटीत त्यांची उष्णता धोक्याची आहे.

वायरिंग

वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत असावं. तळघरातल्या लाईटसाठी वेगळं सर्किट, ६ अँपिअरचा एमसीबी (जादा वीज ओढली गेली की बंद होणारा स्विच), त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). ओलीच्या जागेत आरसीसीबीशिवाय काम सुरू करू नका, खर्च वाचवायला कितीही मोह झाला तरी. वायर १.५ स्क्वेअर एमएम, आग लागली तर धूर कमी करणारी, आयएसआय मार्कची. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. लाईटला अर्थचं टोक नसलं तरी हिरवी वायर प्रत्येक पेटीपर्यंत न्या. पुढे कधी धातूचा लाईट बसवला तर ती लागेल.

वायर कंड्युट पाइपमधून न्यायची, पण पेटीत शिरणारा शेवटचा हातभर भाग लवचिक पाइपचा ठेवा आणि तो थोडा सैल सोडा. ताठ पाइप स्लॅबलाही टेकला आणि पेटीलाही टेकला, तर त्या पाइपातूनच वरची धपधप खाली येते, आणि खालची वर जाते. जोड फक्त पेटीत, जिथे भोकातून हात पोहोचेल तिथे. बोर्डाच्या वर कुठेही पुरलेला जोड नको.

स्लॅबला हँगरसाठी हिल्टीने (ड्रिल मशीनने) भोकं मारण्याआधी पंख्याच्या आणि लाईटच्या जुन्या पाइपांच्या वाटा वायरमनला दाखवायला सांगा. ते स्लॅबच्या पोटातच असतात.

इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी, म्हणजे मेगर, लाईट आणि ड्रायव्हर जोडण्याआधी ५०० व्होल्टवर करून घ्या. आकडा १ मेगाओमच्या खाली नको. ड्रायव्हर जोडून मेगर मारलात तर ड्रायव्हर जाऊ शकतात.

आणखी एक रस्ता मला फार आवडतो. ड्रायव्हर छतात ठेवायचेच नाहीत. सगळे ड्रायव्हर बाहेरच्या कपाटात, हवेशीर जागी, नाव लिहून लावायचे आणि तिथून फक्त कमी दाबाच्या दोन वायरी प्रत्येक लाईटपर्यंत न्यायच्या. पेटीत उष्णता कमी होते, ड्रायव्हरचं आयुष्य वाढतं, आणि बिघाड झाला तर शिडी लागत नाही. पण यासाठी ड्रायव्हर आयसोलेटेड, म्हणजे पुढच्या वायरींचा मुख्य विजेशी थेट जोड नसलेला, असायला हवा. स्वस्त ड्रायव्हरमध्ये पुढच्या वायरींनाही थेट वीजपुरवठ्याचा झटका बसू शकतो.

पेटी : इथे घाई करू नका

पेटी म्हणजे लाईटच्या डोक्यावर उपडं ठेवलेलं पाच बाजूंचं खोकं. तिला छताइतकंच वजन हवं, म्हणून मी ती जिप्समच्याच दोन थरांची किंवा सिमेंट फायबर बोर्डाची करतो. प्लायवूड आणि एमडीएफ कापायला सोपे, पण जळणारे. विजेच्या भोवती ते नकोत.

७ वॅटच्या चार इंची लाईटला आतून बारा बाय बारा आणि उंची पाच-सहा इंच, एवढी पेटी करा. लहान केली तर एलईडीची उष्णता साचते आणि ड्रायव्हरमधले कपॅसिटर लवकर मरतात. ढोबळ हिशेब असा की दर १० अंश तापमान कमी झालं तर कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. नागपूरचा मे आठवा. पारा ४५ च्या वर गेलेला असताना तळघर वरच्यापेक्षा थंड असलं, तरी बंद पेटीतली हवा तेवढी थंड नसते. म्हणून पेटीच्या आत रॉकवूल भरू नका. रॉकवूल पेटीच्या बाहेरून, वरून आणि चारही बाजूंनी.

बांधणी अशी. पाच तुकडे कापा, पहिला थर जोडताना प्रत्येक सांध्यात अ‍ॅकॉस्टिक सीलंट. तो न सुकणारा, रबरासारखा मऊ राहणारा असतो. साधी पुट्टी किंवा पीओपी भरू नका, तडा जातो आणि तडा म्हणजे भोक. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ नयेत. वायर शिरते ते भोक वायरइतकंच, आणि वायर ओढून झाल्यावर आतून-बाहेरून सीलंट.

पेटी छताच्या धातूच्या पट्ट्यांवर बसवा, दोन बाजूंना जास्तीचे तुकडे देऊन. तिचा माथा स्लॅबला टेकता कामा नये. मध्ये किमान इंचभर हवा हवी. मी एका कामात सात पेट्या सुंदर केल्या आणि आठवी जागा कमी पडल्याने स्लॅबला चिकटून बसली होती. वर खुर्ची सरकवली की नेमकी त्याच लाईटमधून खरखर ऐकू यायची. एक इंच छाटून पुन्हा बसवली तेव्हा थांबली.

हँगर निवडताना हे वजन धरा. जिप्समच्या दोन थरांचंच वजन चौरस मीटरला १८ ते २० किलो. बारा बाय पंधराच्या खोलीत ते ३०० किलोच्या पुढे जातं. त्यात पट्ट्या आणि पेट्या. रबरी हँगर वजनाच्या हिशेबाने येतात. जास्त वजन आलं की रबर दबून दगड होतं आणि कंप थांबवत नाही.

बोर्ड चढवण्याआधी रात्री एक काम करा. मोबाइलचा टॉर्च पेटीत ठेवा, खालचं तोंड पुठ्ठ्याने झाका आणि बाकीचे दिवे बंद करा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाज जातो. सीलंट तिथेच.

रॉकवूल ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचं चालतं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. घामाच्या अंगाला ते फार खाजतं, म्हणून हे काम जमलं तर हिवाळ्यात काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्लॅबही कोरडा असतो.

बोर्ड, भोक आणि लाईट

बोर्ड भिंतीला टेकवू नका. चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटर फट ठेवून ती सीलंटने भरा. पहिला थर लागला की प्रत्येक पेटीचा मध्य बोर्डावर खालून उतरवून घ्या, आणि दुसऱ्या थरावर पुन्हा. यासाठी पट्ट्या उघड्या असतानाच टेप शेजारी धरून सगळ्या छताचे फोटो काढून ठेवा. पेटीच्या कडेला, बोर्डाला टेकते तिथे, बोर्ड चढवण्याच्या आधी सीलंटची जाड वेटोळी.

भोक होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने), खोक्यावरच्या कटआउटच्या मापाचंच. हाताने करवतीने कापलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि फट राहते. आधी टाकाऊ तुकड्यावर कापून लाईट घालून बघा. डोळ्यांना चष्मा लावा, एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा. भोक पाडताना कटर पेटीच्या आतल्या वायरीपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून वायर वर गुंडाळून पेटीच्या माथ्याला टेपने चिकटवलेली असावी.

लाईट बसवताना त्याच्या कडेखाली फोमची पातळ चिकटपट्टी फिरवा. फट बंद होते आणि खुळखुळ थांबते.

छत आधीच बंद झालं असेल तर

लक्ष्मीनगरात आमची हीच वेळ होती. बोर्डाच्या वर हात जात नव्हता. मग आठही भोकं बुजवली. प्रत्येक भोकात दोन थरांचे गोल तुकडे, कडेला सीलंट, वर जाळीची टेप. छत पुन्हा अखंड झालं, आणि लाईट त्याच्या खाली वेगळ्या पट्ट्यात घेतले. खोलीच्या दोन लांब भिंतींलगत दीड फूट रुंदीचा आणि चार इंच खाली उतरलेला जिप्समचा पट्टा. त्यातले लाईट साउंडप्रूफ छताला शिवतही नाहीत. या पट्ट्याला धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या भिंतीला आणि वरच्या छताच्या पट्ट्यांना धरतात, स्लॅबला नाही. अशा वेळी त्याचं वजन हँगरच्या हिशेबात आहे ना, हे पुन्हा तपासा.

एक इशारा. हा खालचा भाग भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण छत म्हणून बंद करू नका. दोन बोर्डांमध्ये हवेचा पातळ थर कोंडला गेला की खालच्या पट्टीचे आवाज, म्हणजे नेमका डग्गा आणि बास, कमी होण्याऐवजी वाढू शकतात. पट्टा किंवा मध्येच तरंगणारा चौकोन चालतो, त्याच्या बाजू उघड्या राहिल्या पाहिजेत. ज्यांच्याकडे पेटीएवढी उंची नाही त्यांनाही मी हाच मार्ग सांगतो.

वर जाऊन ऐका

तपासणी खाली नव्हे, वरच्या खोलीत होते. रात्री पंखे-कूलर बंद करून खाली तेच गाणं त्याच आवाजात लावा आणि वर मोबाइलच्या ध्वनिमापक अ‍ॅपने मोजा. अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. लाईट बसवण्याआधीचं एक मोजमाप लिहून ठेवलेलं असेल तर लाईटने काय बिघडवलं ते लगेच दिसतं. शेजाऱ्यांचाही विचार करा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

नंतर खाली या, सगळे लाईट दोन तास चालू ठेवा आणि मग कडेला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर पेटी लहान झाली किंवा रॉकवूल आत घुसलंय. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो, म्हणजे वीज तोडतो, की नाही पाहा, आणि दर महिन्याला पुन्हा.

शेवटी त्याच कंपनीचे, त्याच कटआउटचे दोन लाईट जास्तीचे घेऊन छताच्या फोटोंसोबत कपाटात ठेवा. तीन वर्षांनी ते मॉडेल बाजारात मिळणार नाही आणि वेगळ्या मापाच्या लाईटसाठी भोक मोठं करावं लागेल.